सतराशे चौतीस सालचं दार

आमच्या घराचं पुढचं दार नीट लागत नसे. आता हॅरोफील्डमध्ये याचं कुणाला काही वाटायला नको, कारण आमच्या गावात पुढच्या दारानं ये-जा करतो कोण? सगळा व्यवहार स्वयंपाकघराच्या दारानं. पुढचं दार वाजलं की माणूस आधी कोट शोधतो, कारण बाहेर एक तर पाद्रीसाहेब उभे असतात, नाही तर पोलीस. त्यामुळे मी सहा वर्षं त्या दाराशी अंतर राखून होतो. खाली ते जमिनीच्या फळ्यांना घासे, वर चौकटीशी तीन बोटं फट राही, आणि त्या फटीतून नोव्हेंबर ते एप्रिल मॅसॅच्युसेट्समधला सगळा वारा आमच्या बैठकीत मुक्कामाला येई.

मागच्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, सासूबाई जेवायला आल्या होत्या. अगाथाबाई, वय शहाऐंशी, तीस वर्षं कोर्टात कागदपत्रं टाईप करण्यात गेलेली, त्यामुळे बोलणं कसं मुद्देसूद. त्या ओव्हरकोट, टोपी आणि हातमोजे घालून टर्की खात होत्या. त्यांच्या ताटातली ग्रेव्ही थिजली. जेवण होईपर्यंत त्या अकरा वेळा म्हणाल्या, "वेंडेल, दार लाव." मी अकरा वेळा उठून दार लावलं आणि अकरा वेळा ते आपोआप उघडलं. निघताना त्यांनी मला नाही, माझ्या बायकोला सांगितलं, "कोरीन, पुढच्या वर्षी दार लागत असेल तर येईन. नाही तर हॉवर्डकडे जाईन, तीही कायमचीच."

हॉवर्ड म्हणजे माझा साडू. तो फ्लोरिडात राहतो. त्याच्याकडे बटण दाबलं की गॅरेजचं दार लागतं, हे मला दर ख्रिसमसला फोनवर ऐकवलं जातं.

 यंदा सप्टेंबरात एकदा भांडी विसळता विसळता कोरीन म्हणाली, "आईचे असे किती थँक्सगिव्हिंग राहिलेत, वेंडेल? मला ती यंदा इथे हवी आहे."  सदतीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे मागितलं ते एवढंच, एक लागणारं दार. मी म्हटलं, "एवढंच ना? नवीन बसवतो. शनिवारपर्यंत."

माणसानं कधी कशाची तारीख सांगू नये.

आमची गल्ली गावाच्या जुन्या भागात येते. रस्त्यावरून दिसणारी कुठलीही गोष्ट वारसा समितीच्या परवानगीशिवाय बदलायची नाही, असा नियम आहे. खिडकीची काच, कुंपणाचा रंग, टपालपेटी, सगळं समितीच्या डोळ्यांखालून जातं. मी सल्ला घ्यायला शेजारी बार्नबी स्टाइल्सकडे गेलो. दोनशे पावलांवर त्याचं घर. बायको गेल्यापासून एकटाच असतो, आणि दर थँक्सगिव्हिंगला क्रॅनबेरी सॉसचा डबा घेऊन आमच्याकडे जेवायला येतो. डबा उघडतो कधीच नाही, पण आणतो नेमानं.

"अर्ज बिर्ज करू नकोस," स्टाइल्स म्हणाला. "दार काढ, दुसरं बसव, वर काळा रंग फास. समितीच्या पेकबाईंना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा त्या कुठे ठेवतात ते त्यांनाच माहीत नाही."

"आणि पकडलं तर?"

"मग तू कोण आणि मी कोण. मी तुला ओळखत नाही."

टपालवाला म्हणाला, दाराला आतून गोधडी लाव. पाद्रीसाहेब म्हणाले, थंडी ही सहनशक्तीची परीक्षा असते. पण त्यांच्या घराला दुहेरी काचा आहेत, त्यामुळे ते परीक्षेला बसलेले नाहीत.

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. नियम मोडणं माझ्या स्वभावात नाही. मी अर्ज केला. इथपर्यंत मी शहाण्यासारखा वागलो याची कृपया नोंद घ्यावी, कारण पुढे तशी संधी मिळणार नाही.

स्टाइल्सच्या दारावर एक पांढरी पाटी आहे. गावातल्या जुन्या घरांना समिती तशी पाटी देते: घर बांधणाऱ्याचं नाव, त्याचा धंदा आणि साल. स्टाइल्सच्या पाटीवर होतं, 'असाहेल टटल, पिंपं बनवणारा, १७४१'. दर रविवारी तो ती ओल्या फडक्यानं पुसतो आणि पुसताना मी अंगणात आहे की नाही ते आधी बघून घेतो. माझ्या घराला पाटी नाही. माझ्या घराचं साल कुणाला ठाऊकच नव्हतं.

अर्जात सातवा रकाना होता: 'बांधकामाचं वर्ष, माहीत असल्यास.' मला माहीत नव्हतं. तो रकाना मोकळा सोडला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती, सासूबाई उबेत जेवल्या असत्या आणि मीही. पण माझ्या डोळ्यांपुढे ते ओलं फडकं आलं. मी लिहिलं, १७३४. सतराशे चाळीस लिहिलं असतं तर मुद्दाम लिहिल्यासारखं वाटलं असतं. चौतीस कसं, अभ्यास केल्यासारखं वाटतं.

शिवाय माझ्याकडे पुरावाही होता, म्हणजे मी त्याला पुरावा समजत होतो. आमच्या माळ्यावर ओकच्या खांबांवर छिन्नीनं कोरलेले रोमन आकडे आहेत, सातपासून सुरू होऊन बारापर्यंत. सहा वर्षं मी पाहुण्यांना माळ्यावर नेऊन, डोकं तुळईवर आपटून घेऊन सांगत आलो होतो, की हे त्या सुताराचं सातवं घर असणार, आणि बारापर्यंतची त्याची मुलं असतील. पाहुणे मान डोलवत. पाहुणे मला घाबरून कशालाही मान डोलवतात हे तेव्हा लक्षात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी समितीच्या अध्यक्षा लॅव्हिनिया पेकबाई स्वतः आल्या, चष्म्यासकट, आणि पुढच्या दारानं. मी कोट शोधला.

"सतराशे चौतीस!" त्या दारावर हात ठेवून म्हणाल्या. "मिस्टर प्रुइट, म्हणजे हे गावातलं सगळ्यात जुनं घर. तुम्ही आजवर बोलला नाहीत?"

"मिरवायला आवडत नाही," मी म्हणालो. आतून कोरीनला खोकला आला.

"मग या दाराला आता हात लावायचा नाही. दुहेरी फळ्यांचं दार, लोहारानं घडवलेले खिळे... याची आधी तपासणी व्हायला हवी. आम्ही ते घेऊन जातो."

"घेऊन जाता?"

"फक्त पाहायला."

अशा रीतीनं आमचं न लागणारं दारसुद्धा गेलं. त्या जागी प्लायवूड टेकवलं. टेकवलं म्हणतो, कारण १७३४ सालच्या चौकटीला एकही खिळा मारायचा नाही असा हुकूम होता. मी ते दोरीनं बांधलं आणि मागून कपाट लावलं. चार दिवसांनी समितीचं पत्र आलं, की प्लायवूड रस्त्यावरून दिसतं, तरी त्याचा रंग मान्यताप्राप्त तीन करड्या रंगांपैकी असावा. मी तिन्ही करडे आणून पाहिले. मला ते एकाच रंगाचे तीन डबे वाटले. पत्रात मात्र लिहून आलं, की आपण निवडलेला करडा त्या काळाला शोभणारा नाही.

ऑक्टोबरात लाकडाची परीक्षा करणारे ओटिस ग्रिंडल आले. उंच, मोजकं बोलणारा माणूस. पोकळ बरमा घेऊन खांबातून पेन्सिलीएवढी कांडी काढायची आणि तिच्यातली वर्तुळं मोजून झाड कधी तोडलं ते सांगायचं, हा त्यांचा धंदा. आमच्या घराला त्यांनी अकरा टोचे दिले. मग माळ्यावर गेले. मी माझं ते सातव्या घराचं आणि मुलाबाळांचं प्रवचन संपूर्ण म्हटलं. ग्रिंडल शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाले, "हे सुताराचे आकडे आहेत. सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचे, प्रत्येक सांध्यावर आकडा कोरायचे, मग उभा करताना आकड्याला आकडा लावायचे. सगळेच करत."

"असं होय," मी म्हणालो.

"पण मग एक ते सहा कुठे आहेत?"

त्यांनी हे असं विचारलं की मला मीच ते चोरल्यासारखं वाटलं. कपाटात बघू का, असं तोंडावर आलं होतं.

एक ते सहा स्टाइल्सच्या माळ्यावर सापडले. तोच हात, तीच छिन्नी. इतकी वर्षं स्टाइल्सही आपल्या पाहुण्यांना वर नेऊन सांगत होता, की टटलला सहा मुलं होती. दोन्ही घरांतल्या कांड्या शेजारी शेजारी ठेवल्या तर वर्तुळाला वर्तुळ जुळलं. झाडं एकाच हिवाळ्यात तोडलेली, १७५१ च्या.

पुढचं पेकबाईंनी नोंदणी कचेरीतून शोधून काढलं. जेडेडाया टटल नावाच्या गृहस्थानं मधोमध धुराड्याचं एक भलं मोठं घर बांधलं आणि मरताना असाहेल आणि रूबेन हे दोन मुलगे आणि एक विधवा मागे ठेवली. विधवेला रिवाजाप्रमाणे घराचा तिसरा हिस्सा. मृत्युपत्रात लिहिलं होतं: 'माझी प्रिय पत्नी मेहिटाबेल हिला पूर्वेकडची खोली, तसेच तिला आणि त्या पूर्वभागात जो कोणी राहील त्याला सदासर्वकाळ स्वयंपाकघरातून जाण्याचा, चुलीत भाजण्याचा आणि शेकोटीपाशी बसण्याचा हक्क.' म्हातारी गेली आणि भाऊ भांडले. धाकट्या रूबेननं करवतीनं घर मधोमध कापलं, बर्फ पडायची वाट पाहिली, आणि चाळीस बैल जुंपून आपला पूर्वेचा भाग दोनशे पावलं ओढत नेला. तोच माझा. जाता जाता त्या पठ्ठ्यानं मोठ्या भावाचं पुढचं दारही बिजागऱ्यांसकट उचकटून नेलं आणि आपल्या घराला डोळ्यांच्या अंदाजानं चौकट करून त्यात बसवलं.

थोडक्यात, माझं दार बिघडलेलं नव्हतंच. ते दोनशेहून अधिक वर्षं चुकीच्या घराला लावलेलं होतं.

हे सगळं नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी, भर सभेत, पडद्यावर चित्रं दाखवून सांगण्यात आलं. माझे १७३४ बारगळले. त्याचं दुःख मी पचवलं असतं, पण स्टाइल्सचे १७४१ सुद्धा बारगळले. पाटी दहा वर्षांनी चुकलेली. पेकबाईंनी त्याला ती उतरवून द्यायला सांगितलं. तो उठून उभा राहिला आणि त्यानं पेकबाईंकडे नाही, माझ्याकडे बोट केलं.

"तुला सांगितलं होतं ना, अर्ज करू नकोस म्हणून! सतराशे चौतीस म्हणे! चौतीस आणलंस कुठून? कमरेचं माप आहे का तुझ्या?"

ते माझ्या कमरेचं माप नव्हतं हे त्या सभागृहात मागच्या रांगेलाही दिसत होतं.

"निदान मी पाहुण्यांना सहा मुलं सांगितली नाहीत," मी म्हणालो.

"तू सातवं घर सांगितलंस! आणि थँक्सगिव्हिंगला माझी वाट बघू नकोस. मी आपला घरी सूप पिईन."

मला वाईट वाटलं. तेव्हाच म्हणायला हवं होतं, की बार्नबी, बस खाली, चूक माझी. पण तेवढ्यात ग्रिंडल म्हणाले, की हे दार मूळ चौकटीत, म्हणजे स्टाइल्सच्या घरात परत बसलं तर असं उदाहरण सगळ्या परगण्यात नसेल, अर्थात मालकाची इच्छा असेल तर. सभागृहातल्या साठ माना माझ्याकडे वळल्या. गावच्या पत्रकाची बाई कॅमेरा घेऊन पुढे सरकली. साठ लोक माझं बोलणं ऐकायला थांबलेत, असं शाळा सुटल्यापासून घडलं नव्हतं. शाळेतही घडत नव्हतं.

मी उभा राहिलो. म्हणालो, "मित्रहो, दार माझं नाही. दार इतिहासाचं आहे. मी ते इतिहासाला परत करतो."

टाळ्या पडल्या. पेकबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. कोरीन तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, चिडून नाही, जरा थकून.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "आणि आपल्याला नवीन दार कधी?"

"त्याचा अर्ज डिसेंबरच्या सभेत येईल."

"थँक्सगिव्हिंग पुढच्या आठवड्यात आहे, वेंडेल."

"हो."

"आईला काय सांगू? की इतिहासाला थंडी वाजत होती?"

तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. घर येईपर्यंत ती रडत होती आणि मी रस्त्यावरच्या प्रत्येक घराचं दार बघत होतो. सगळी लागलेली होती. मी किती मूर्ख माणूस आहे हे मला इतकं स्पष्ट आधी कधी कळलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बुधवारी ग्रिंडलनी स्टाइल्सकडे ते दार बसवलं. मी आमच्या खिडकीतून पाहत होतो. घासणं नाही, फट नाही. स्टाइल्स बाहेर येऊन एका बोटानं ते ओढी, ते लागे, पुन्हा उघडी, पुन्हा ओढी. असं त्यानं वीसेक वेळा केलं असेल. पाटीची जागा मोकळी होती, तिथे तो एकदा चुकून फडकं फिरवून गेला.

दुसऱ्या दिवशी, थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी, दुपारी सासूबाईंना कोरीननं आणलं. त्यांना आधी काही सांगायचा धीर दोघांनाही झाला नव्हता. आम्ही त्यांना स्वयंपाकघरातून आत घेतलं, पण बैठकीत येताच त्या थांबल्या. कपाट वाऱ्यानं हलत होतं आणि प्लायवूड दोरीला हिसके देत होतं.

"दार कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"आई, ती जरा लांबलचक गोष्ट आहे," कोरीन म्हणाली.

"मागच्या वर्षी दार होतं. लागत नव्हतं, पण होतं."

मी गोष्ट सांगितली. सांगताना माझ्या तोंडातून वाफ येत होती. त्या ओव्हरकोटात बसून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "हॉवर्डला फोन लाव."

कोरीन जागची हलली नाही. तिचे डोळे भरून आले होते. मी काय करावं ते न सुचून मृत्युपत्राची प्रत सासूबाईंपुढे ठेवली. पेकबाईंनी मला ती भेट म्हणून दिली होती, चौकटीत घालून. निदान काही तरी चौकटीत नीट बसलेलं त्यांना दाखवावं, एवढाच हेतू. त्यांनी पर्समधून भिंग काढलं. एकदा वाचलं. हातमोजा काढून, ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं.

"वेंडेल, पूर्वभाग तो हाच?"

"हो."

"'सदासर्वकाळ' लिहिलंय. हे नंतर कुणी रद्द केलं?"

"तसा कागद सापडला नाही, पण ते अडीचशे वर्षांपूर्वीचं..."

"मी तुला किती जुनं ते विचारलं नाही. रद्द केलं का ते विचारलं." त्या उठल्या. "विधवा मी आहे, पूर्वभागात बसले आहे, आणि मला थंडी वाजते आहे. कोरीन, टर्की घे. वेंडेल, भोपळ्याची भाजी आणि ॲपल पाय तू घे. सांडू नकोस."

"आई, तो आमच्याशी बोलत नाही!"

"त्याला बोलायला कोण सांगतंय? मला त्याच्या शेकोटीपाशी बसायचंय."

दोनशे पावलं आम्ही बर्फातून चाललो. पुढे सासूबाई, बगलेत मृत्युपत्र. मध्ये टर्की घेऊन कोरीन. मागे मी, एका हातात भाजीचं भांडं, दुसऱ्या हातात ॲपल पाय, हनुवटीखाली ग्रेव्हीच्या किटलीचा कान. रूबेननं चाळीस बैल घेऊन जो रस्ता काढला तोच आम्ही उलटा चालत होतो, आणि वजनाचा विचार केला तर चाळीसमधला मी एक असायला हरकत नव्हती.

स्टाइल्सनं पुढचं दार उघडलं. अंगात जुना स्वेटर, हातात चमचा. मागे टेबलावर सुपाचं एकच भांडं दिसत होतं, आणि त्याच्याशेजारी क्रॅनबेरी सॉसचा बंद डबा. म्हणजे आणून ठेवला होता त्यानं.

सासूबाईंनी त्याच्या नाकासमोर मृत्युपत्र धरलं. "मिस्टर स्टाइल्स, तुम्ही या घराचा इतिहास मानता का?"

"मानतो म्हणजे काय! अहो, त्यासाठी तर मी माझी पाटी..."

"मग ही ओळ वाचा. मोठ्यानं."

त्यानं वाचली. 'शेकोटीपाशी बसण्याचा हक्क' इथे आल्यावर त्यानं चमचा खाली घेतला. त्यानं कोरीनकडे पाहिलं, टर्कीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बार्नबी," मी हनुवटी न हलवता म्हणालो, "चूक माझी होती. चौतीस मी मनानं लिहिलं."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "एक्केचाळीस माझ्या आजोबांनी मनानं लिहिलं होतं." आणि तो बाजूला झाला. "या आत. सगळी ऊब बाहेर चालली."

सासूबाई आत गेल्या. कोरीन आत गेली. जाता जाता तिनं स्टाइल्सच्या गालाचा पापा घेतला, आणि तो इतका गोंधळला की हातातला चमचा त्यानं खिशात घातला. "थांबा, थांबा, आता गंमत बघा," तो आतल्यांना म्हणाला. "फक्त एक बोट. बघताय ना?"

त्यानं एक बोट लावलं. दार लागलं. टक्क.

मी बाहेर होतो.

दोन्ही हात भरलेले, हनुवटीखाली किटली. हाक मारायला तोंड उघडावं तर ग्रेव्ही जाणार. दार दुहेरी फळ्यांचं, आतला आवाज बाहेर येत नव्हता आणि वारा आत जात नव्हता. मी पायानं दोनदा ठोकलं. आत हसणं चाललं असावं, वर धुराड्यातून धूर निघत होता. सहा वर्षं ज्या दाराला मी नावं ठेवली त्याच्यासमोर मी मिनिटभर उभा राहिलो. इतकं सुंदर लागलेलं दार मी जन्मात पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच्या घराला का होईना, लागलं होतं, आणि कोरीनची आई त्याच्या उबेच्या बाजूला होती.

मग मी घराला वळसा घालून मागे गेलो. मृत्युपत्रात मला स्वयंपाकघरातूनच जायचा हक्क दिलेला होता. तिथलं दार खांद्यानं ढकललं आणि भाजी, ॲपल पाय, किटली असा सगळा आत शिरलो. चुलीशेजारच्या खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या, ओव्हरकोट काढून, टोपी काढून, हातमोजे मांडीवर. कोरीन त्यांच्या पायांशी बसून हसत होती.

सासूबाईंनी मान न वळवता म्हटलं, "वेंडेल, दार लाव."